रानातली रान

शेतावर पार्टी ठरली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘मेन्यू काय?’ दुसरा येतो, ‘यंदा काहीतरी हटके पाहिजे राव!’ आणि हटके म्हणजे काय, ते हल्ली रील्स ठरवतात. तुमच्याही ग्रुपवर तो व्हिडिओ आला असेलच. निखाऱ्यावर बकऱ्याची अख्खी रान, वरून तूप सोडणारा हात आणि सुरी लावताच हाडापासून सुटणारं मटण. तीस सेकंदांत खेळ खल्लास.

आमच्याकडं त्याच खेळाला गेल्या डिसेंबरात साडेचार तास लागले. आणि तरी जमला नाही.

आम्ही मामे-मावस भावंडं तेरा जण. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादेत, कुणी छत्रपती संभाजीनगरात. वर्षातून एकदाच सगळे एकत्र सापडतात, ते कळमनुरी तालुक्यातल्या मामाच्या आखाड्यावर. आजी माळकरी, त्यामुळं घरात मटण शिजत नाही. जे काय करायचं ते रानात. दादानं पुण्याहून बार्बेक्यूची शेगडी मागवली होती. बॉक्सवरच्या फोटोत ती केवढी मोठी दिसत होती! उघडली तर दीड फूट लांब आणि जेमतेम एक फूट रुंद. तिच्यावर आम्ही दोन किलोंची रान ठेवली.

बाहेर कोळसा, आत कच्चं

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. दादानं शेगडी कोळशानं काठोकाठ भरली. चरबी निखाऱ्यावर टपकायला लागली, तसा जाळ उठला. पंचवीस मिनिटांत रान बाहेरून काळीकुट्ट झाली. सगळ्यांनी मोबाइल काढले, दादानं सुरी चालवली आणि आत मटण लालेलाल. हाडाजवळ तर अजून गारच होतं.

मग तिचे तुकडे केले, ते पुन्हा भाजले. जेवण साडेअकराला. तोवर लहान पोरं चिवडा खाऊन झोपली होती. दादा तर अख्खी संध्याकाळ आमच्याकडं पाठ करून धुरात उभा होता. ज्यानं सगळ्यांना एकत्र आणलं, त्याच्याशीच कुणी धड बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांचं पोट बिघडलं, ते वेगळंच.

चूक मसाल्याची नव्हती, गणिताची होती. उष्णता मांसात आत शिरायला वेळ घेते, आणि तो वेळ जाडीच्या दुपटीनं नाही, वर्गानं वाढतो. म्हणजे तुकडा दुप्पट जाड असेल तर वेळ साधारण चौपट. अडीच सेंटिमीटरचा तुकडा बारा मिनिटांत होत असेल, तर दहा सेंटिमीटर जाडीच्या रानेला ढोबळ हिशेबानं सोळापट वेळ, म्हणजे तीन तास. जाळ वाढवून हे तीन तास कमी होत नाहीत. फक्त बाहेरची बाजू लवकर जळते.

मामाची आगटी

यंदा जानेवारीत पुन्हा सगळे जमलो. दादानं तीच शेगडी गाडीतून काढली तेव्हा मामानं एकच अट घातली, ‘आधी आगटीपाशी बसा. हुरडा खा. मग काय करायचं ते करा.’

हुरडा तुम्हाला नवा नाही. पण आगटीकडं कधी नीट पाहिलंय? वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या. मामानं त्या तुराट्यांनी पेटवल्या आणि चक्क बाजूला जाऊन बसला. आमचा एक भाऊ कणसं घेऊन धावला, तर मामा म्हणाला, ‘जाळावर कशाला भाजायलास? इस्तू पडू दे की.’

जाळ बसला, गोवऱ्यांवर राखेचा थर चढला, तेव्हा कुठं कणसं आत गेली. एका वेळी चार-पाचच. एकजण भाजणारा, एकजण चोळणारा, बाकीचे खाणारे. थोड्या वेळानं अदलाबदल. गरम दाणे, जवसाची चटणी, गूळ, दही. एवढासा खड्डा, पण पंधरा माणसांतलं कुणी उपाशी नाही आणि कुणी एकटंही नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. छोट्या आगीवर मोठा ग्रुप जेवू घालायची कला आपल्याकडं आधीपासून आहे. आपण ती सोडून रील बघत बसलो होतो.

रायगडकडची पोपटीही तीच गोष्ट सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती आग लावायची. आत पाण्याचा थेंब नाही. आग अन्नाला शिवतही नाही, तरी सगळं शिजतं. कारण ते झाकलेलं असतं.

अमेरिकेत १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाला हेच सुचलं. तो शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. तिथं पाण्यात तरंगणारे बोये, म्हणजे धातूचे पोकळ गोळे बनत. त्यानं तसा गोळा मधून कापला. खालच्या अर्ध्यात निखारे, वरचा अर्धा झाकण. जगभर विकली जाणारी ती गोल, झाकणाची वेबर शेगडी अशी जन्मली.

आमच्या शेगडीला झाकण नव्हतं. पण आखाड्यावर भगुणं होतं की!

मग रान कशी भाजली?

सकाळी मटण आणलं. आजीच्या फ्रिजमध्ये ते जाणार नाही, हे उघड होतं. म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून त्यात ठेवलं. रानेला हाडापर्यंत चार-पाच खोल चिरा दिल्या. याचा फायदा दुहेरी. मसाला आत जातो आणि जाडी कमी होते. जाडी निम्मी झाली तर वेळ चौथाईवर येतो, हे गणित इथं आपल्या बाजूनं काम करतं.

मसाला साधाच. दही, आलं-लसूण, मीठ, काळा मसाला आणि आपल्या वसमतची हळद. तिला जीआय मानांकन आहे, तर थोडा भाव खाऊ द्या! सोबत किलोमागं चमचाभर कच्च्या पपईचा कीस. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं, म्हणून मटण मऊ पडतं. पण हात आखडता ठेवा. पपई जास्त झाली किंवा फार वेळ राहिली की वरचा थर पिठासारखा लगदा होतो.

कोळसा बाभळीचा. पेटवायला तुराट्या. रॉकेल, डिझेल, प्लास्टिक, रंग दिलेलं लाकूड यातलं काही नको, त्याचा वास आणि धूर थेट जेवणात उतरतो. निखाऱ्यांवर राखाडी थर आला, तेव्हा दादानं ते सगळे शेगडीच्या एका बाजूला सारले. रान ठेवली दुसऱ्या बाजूला. खाली निखारा नाही, त्यामुळं चरबी टपकली तरी जाळ नाही. वरून भगुणं पालथं घातलं. एक कड दगडानं बोटभर उचलून ठेवली, कारण हवा मिळाली नाही तर निखारे विझतात.

दर अर्ध्या तासाला पाच-सहा पेटलेले कोळसे आत. दर वीस मिनिटांनी रान फिरवायची. ही ड्युटी आम्ही वाटून घेतली, मोबाइलवर अलार्म लावून. यंदा दादाची पाळी फक्त दोनदा आली.

सव्वादोन तासांनी रान तयार झाली. शेवटची पाच-सात मिनिटं ती निखाऱ्यावर आणली. साधारण १४० अंशांच्या वर मांसाचा पृष्ठभाग खरपूस, तपकिरी व्हायला लागतो. या क्रियेला मेलार्ड हे नाव आहे, १९१२ मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं. भाजल्याचा तो खमंग वास तिच्यातूनच येतो. म्हणून जाळ हवाच, पण शेवटी.

झालं हे कसं ओळखायचं?

रंगावर जाऊ नका, गेल्या वर्षी आम्ही रंगावरच फसलो. मांसात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. मटणाच्या अख्ख्या तुकड्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची किमान मर्यादा आहे आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटं थांबणं. कोंबडीला ७४ अंश. पण आपल्याकडचं बकऱ्याचं मटण चिवट. त्यातले कडक धागे ७०-८० अंशांदरम्यान हळूहळू विरघळून मऊ होतात, म्हणून आम्ही हाडाजवळ ८० अंशांपर्यंत गेलो. थर्मामीटर नसेल तर सळई हाडाजवळ खुपसून बघा. सहज गेली आणि लाल पाणी आलं नाही, तर झालं. मग पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि त्यानंतरच कापा, नाहीतर सगळा रस परातीत.

वेळच नसेल तर? भगुण्यात झाकण ठेवून रान चुलीवर पूर्ण शिजवा आणि शेगडीवर फक्त खरपूस करा. अर्धवट शिजवून ‘संध्याकाळी भाजू’ म्हणून ठेवू नका. कोमट मटणात जंतू झपाट्यानं वाढतात.

आणखी एक गोष्ट समजली. शेगडी छोटी असेल तर तिच्यावर सगळ्यांचं पोट भरायचं ओझं टाकायचं नाही. रान दोन किलोंची, तीत हाड धरलेलं. तेरा जणांना ती चवीपुरतीच. पोट भरलं ते चुलीवरच्या किलोभर मटणाच्या रश्श्यानं आणि मामीच्या भाकरीनं. भावंडांत दोघं आजीसारखेच माळकरी. संत नामदेवांचं नर्सी आपल्याच जिल्ह्यातलं, असे मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असणारच. म्हणून स्वच्छ जाळीवर आधी त्यांची वांगी आणि कांदे भाजले, मटण नंतर.

जे गेल्या वर्षी लिहिलं नसतं

एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या डिसेंबरात रात्री एकला थंडी वाढली. आम्ही काय केलं? धगधगती शेगडी उचलून आखाड्यावरच्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. मस्त ऊब होती. मामा पाणी प्यायला उठला, दाराच्या फटीतून उजेड दिसला आणि त्यानं लाथेनं दार उघडलं. शेगडी बाहेर ओढली आणि आम्हा सगळ्यांना शिव्या घातल्या. आम्ही हसलो.

नंतर वाचलं तेव्हा हसू गेलं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. आम्ही आत सहा जण होतो.

यंदा जेवण झाल्यावर दादानं पहिलं काम केलं ते शेगडीवर पाणी ओतायचं. मग तो येऊन आगटीपाशी बसला. पहाटे कधीतरी आम्ही झोपलो, तोवर तो हैदराबादच्या ताईशी त्याच्या नोकरीबद्दल बोलत होता. तो नोकरी सोडणार आहे, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

निघायच्या आधी एवढं बघा

• माणशी हाडासकट २०० ते २५० ग्रॅम कच्चं मटण धरा. शेगडीवर मावेल तेवढंच भाजा, बाकीचा रस्सा.

• भाजायला तीन तास हाताशी ठेवा. जेवायची वेळ ठरवून उलटं मोजा.

• झाकण म्हणून भगुणं किंवा काळं लोखंडी घमेलं चालेल. जस्ताचा मुलामा असलेलं नको, फार तापलं तर त्याचा धूर घातक.

• कच्च्या मटणाची परात आणि सुरी धुतल्याशिवाय शिजलेल्याला लावू नका.

• शिजलेलं मटण दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नका.

• शेजारी पाण्याची बादली हवीच. आजूबाजूला वाळलेला कडबा किंवा उभं पीक नको.

• पेटलेली शेगडी खोलीत, तंबूत, गाडीत न्यायची नाही. कितीही थंडी असो.