तेल वर, पाणी खाली

घरात आणि घराबाहेर आपण रोज पाणी, तेल, दूध, हवा यांचा वापर करतो. या वाहणाऱ्या पदार्थांचे काही गुणधर्म या पाठात सोप्या प्रयोगांच्या साहाय्याने समजावून सांगितले आहेत. हे गुणधर्म ठाऊक असले तर मोठा अपघातही टळू शकतो, हे लेखिकेने स्वतःच्या अनुभवातून दाखवले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मी आठवीत होते तेव्हाची ही गोष्ट आहे. घरी पाहुणे येणार होते. अम्मी बाहेरच्या खोलीत आवराआवर करत होती. भज्यांसाठी तेल तापत ठेवले होते आणि कढईवर लक्ष ठेवायचे काम माझ्याकडे होते. मी पुस्तक वाचत बसले आणि कढईचा मला विसर पडला. तेल फार तापले, त्यातून धूर निघू लागला आणि एकाएकी कढईतच भडका उडाला. मी घाबरून पाण्याचा तांब्या उचलला. तेवढ्यात माझी खाला धावत आली. तिने माझा हात घट्ट धरला आणि ती ओरडली, “पाणी टाकू नकोस! ती परात दे इकडे!” तिने आधी गॅस बंद केला आणि मग परात हळूच कढईवर सरकवली. थोड्याच वेळात आग विझली.

मी खालाला विचारले, “आगीवर पाणीच टाकतात ना?” ती म्हणाली, “तेलाच्या आगीवर नाही, बेटी. तेल वर येतं.” खाला फार शिकलेली नव्हती; पण तिचे हे तीन शब्द अगदी बरोबर होते. त्यांचा अर्थ मला पुढे विज्ञानाच्या तासाला कळला. तोच आज तुम्हांला सांगणार आहे.

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. टेबलावर वीट ठेवली तर ती आपला आकार सोडत नाही. पाणी मात्र ताटात ओतले की पसरते आणि पेल्यात ओतले की पेल्याचा आकार घेते. हवाही अशीच आहे. ती फुग्यात भरली की फुग्याचा आकार घेते. द्रव आणि वायू हे दोन्ही वाहतात, म्हणून दोघांना मिळून मराठीत ‘द्रायू’ असे नाव आहे. तुम्ही उर्दूत त्यांना ‘सय्याल’ म्हणता.

द्रव आणि वायू यांच्यात एक मोठा फरक आहे. सुई नसलेली एक सिरिंज घ्या. तिच्यात हवा भरा, टोकावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या आत ढकला. तो बराच आत जातो. आता सिरिंज पाण्याने पूर्ण भरा आणि तसेच करा. कितीही जोर लावला तरी दट्ट्या जवळजवळ हलत नाही. म्हणजे वायू सहज दाबला जातो, द्रव जवळजवळ दाबला जात नाही.

आता घनतेकडे वळू. गोडेतेलाची एक लीटरची पिशवी कधी नीट वाचली आहे का? तिच्यावर ‘१ लीटर’ असे छापलेले असते आणि जवळच ‘९१० ग्रॅम’ असेही लिहिलेले असते. एक लीटर पाणी मात्र एक किलो, म्हणजे १००० ग्रॅम भरते. जागा तेवढीच, पण तेल सुमारे ९० ग्रॅमने कमी भरते. ठरावीक जागेत पदार्थाचे वस्तुमान किती मावते, ते सांगणाऱ्या गुणधर्माला ‘घनता’ म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच ‘कसाफत’ म्हटले आहे. पाण्याची घनता १ मानली, तर गोडेतेलाची सुमारे ०.९१, मधाची सुमारे १.४ आणि पाऱ्याची १३.६ आहे.

एका काचेच्या पेल्यात थोडा मध घ्या. त्यावर हळूहळू पाणी ओता आणि मग तेल सोडा. सर्वांत खाली मध, मध्ये पाणी आणि वर तेल असे तीन थर दिसतील. जास्त घनतेचा द्रव खाली जातो, कमी घनतेचा वर येतो.

येथे पुष्कळ मुलांची एक चूक होते. मी वर्गात विचारते, “तेल पाण्यापेक्षा घट्ट की पातळ?” मुले म्हणतात, “घट्ट.” मी पुन्हा विचारते, “मग ते पाण्यात बुडत का नाही?” वर्ग गप्प होतो. तेल संथपणे वाहते, म्हणून आपण त्याला घट्ट म्हणतो. पण संथ वाहणे वेगळे आणि घनता वेगळी. तेल पाण्यापेक्षा संथ वाहते, तरीही ते पाण्यापेक्षा हलके आहे.

आता कढईकडे परत जाऊ. पेटलेले तेल ३०० अंश सेल्सिअसपेक्षाही अधिक तापलेले असते. त्यावर पाणी ओतले तर ते तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते. पाणी १०० अंशांनाच उकळते. म्हणून तळाशी गेलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते. ही वाफ जोराने वर उसळते आणि पेटते तेल चहूकडे उडवते. मी तांब्या ओतला असता, तर आग कढईत न राहता माझ्या अंगावर आली असती. खालाने परात झाकली, तेव्हा तेलाला हवा मिळेनाशी झाली आणि आग विझली. अशा वेळी कढई उचलून बाहेर नेऊ नये आणि झाकणही लगेच काढू नये. तेल थंड होऊ द्यावे.

घनतेचा हा नियम वायूंनाही लागू आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो गळू लागला तर वर निघून जात नाही. जमिनीलगत साठत जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. असा वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नका, काडी ओढू नका. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सर्वांना बाहेर न्या आणि मोठ्यांना १९०६ या मदत क्रमांकावर फोन करायला सांगा.

घनतेचा उपयोग भेसळ ओळखण्यासाठीही होतो. दुधाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, सुमारे १.०३ असते. दुधात पाणी घातले की ती कमी होते आणि दुधात सोडलेला लॅक्टोमीटर अधिक खोल बुडतो. पण लबाड माणूस यावरही युक्ती करतो. साय पाण्यापेक्षा हलकी असते. साय काढून घेतली की दुधाची घनता वाढते. मग पाणी घातले की ती पुन्हा पहिल्याइतकी होते आणि लॅक्टोमीटर फसतो! म्हणून केवळ या एका तपासणीवर विसंबून चालत नाही.

ही विद्या फार जुनी आहे. अकराव्या शतकात अल-बिरूनी या विद्वानाने धातू आणि रत्ने पाण्यात बुडवून किती पाणी बाहेर येते ते मोजले आणि त्यांच्या घनतांची तुलना केली. पुढे मर्व शहरातील अल-खाझिनी याने ११२१ मध्ये ‘मीझान अल-हिकमा’ हा ग्रंथ पूर्ण केला. मीझान म्हणजे तराजू, हे तुम्हांला सांगायला नकोच. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून सोने शुद्ध आहे की भेसळीचे, हे त्या तराजूने कळत असे. सोन्याची घनता १९.३ आणि चांदीची १०.५ आहे. त्यामुळे सोन्यात चांदी मिसळली तर ती लपत नाही.

आता दुसरा गुणधर्म पाहू. एकाच वेळी एका चमच्यातून पाणी आणि दुसऱ्यातून मध ओता. पाणी झटकन पडते, मध रेंगाळतो. द्रायू वाहत असताना त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि एकमेकांना अडवतात. या अडवण्याला ‘श्यानता’ म्हणतात. मधाची श्यानता पाण्याच्या हजारो पट आहे. द्रव तापवला की त्याची श्यानता कमी होते. म्हणूनच थंड तेलापेक्षा गरम तेल पाण्यासारखे भरभर पसरते. वायूंचे मात्र उलट आहे. ते तापवले की त्यांची श्यानता वाढते.

काही पदार्थ तर इतके संथ वाहतात, की ते घन आहेत असेच वाटते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये थॉमस पार्नेल या प्राध्यापकाने डांबरासारखा एक काळा पदार्थ काचेच्या नरसाळ्यात भरून ठेवला. हातोडी मारली तर त्याचे तुकडे होतात, इतका तो कडक असतो. १९३० मध्ये नरसाळ्याचे टोक कापून मोकळे केले. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले. प्रयोग सुरू करणारे प्राध्यापक कधीच वारले, पण प्रयोग चालूच राहिला.

तिसरा गुणधर्म फार गमतीचा आहे. पेल्यातील पाण्यावर टीपकागदाचा छोटा तुकडा ठेवा आणि त्यावर कोरडी सुई अलगद ठेवा. कागद भिजून खाली जाईल, पण सुई पाण्यावरच राहील. पोलादाची घनता तर पाण्याच्या जवळजवळ आठ पट आहे! मग सुई बुडत का नाही? पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. याला ‘पृष्ठताण’ म्हणतात. विहिरीतील पाण्यावर धावणारे किडे तुम्ही पाहिले असतील. त्यांनाही हाच ताण सावरतो. पावसाचे बारीक थेंब गोल होतात, तेही यामुळेच. आता सुईजवळ साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. सुई चटकन बुडेल, कारण साबणामुळे पृष्ठताण कमी होतो. कपडे धुताना साबणाचे पाणी धाग्यांच्या आत सहज शिरते, त्याचे हेही एक कारण आहे.

शेवटी दाबाविषयी थोडे. प्लॅस्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके पाडा आणि ती पाण्याने भरा. सर्वांत खालच्या भोकातून पाणी सर्वांत जोराने बाहेर येईल. खोली वाढते तसा पाण्याचा दाब वाढतो. दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाचा भार वाढतो. आपले कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. इतक्या पाण्याचा दाब सोसण्यासाठीच अशा धरणांच्या भिंती वर अरुंद आणि तळाशी खूप रुंद बांधतात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने दाखवले. गॅरेजमधील यंत्र तेलाच्या दाबाने मोटार वर उचलते, ते याच नियमाने.

मित्रांनो, घनता, श्यानता, पृष्ठताण आणि दाब या शब्दांच्या व्याख्या तुम्ही परीक्षेसाठी पाठ कराल. ते करायलाच हवे. पण आज घरी गेल्यावर आणखी एक काम करा. तेलाच्या पिशवीवरचे दोन आकडे अम्मीला दाखवा. धाकट्या भावंडांना पेल्यातील तीन थर करून दाखवा. आणि कढईतील तेल पेटले तर काय करायचे व काय करायचे नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. माझी खाला त्या दिवशी वेळेवर आली. प्रत्येक घरी ती वेळेवर येईलच असे नाही.

शब्दार्थ
घनता – कसाफत. दाब – दबाव. पृष्ठभाग – सतह. भडका उडणे – एकदम मोठी आग लागणे. रेंगाळणे – हळूहळू पुढे जाणे. विसंबणे – भरवसा ठेवणे. नरसाळे – अरुंद तोंडाच्या भांड्यात द्रव ओतण्याचे साधन.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) द्रायू कशाला म्हणतात?
(आ) अल-खाझिनीच्या तराजूने काय ओळखता येत असे?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये.
(आ) धरणाची भिंत तळाशी रुंद असते.
(इ) साबणाचा थेंब टाकताच सुई बुडते.
प्र. ३. ‘तेल पाण्यापेक्षा घट्ट, तरीही हलके’ हे विधान चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
उपक्रम : पाठातील एक प्रयोग घरी मोठ्यांच्या देखरेखीखाली करा आणि काय दिसले ते मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.