शब्दांचा दरबारी पोशाख

पनवेल तालुक्यांतील ओवे गांव नवी मुंबईच्या हद्दींत आलें आणि तेथील बोलीही पालटली. १९७० सालीं स्थापन झालेल्या महामंडळाच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून झालेला ‘सिडको’ हा शब्द तेथें घरोघरीं रुळला आहे.

परक्या शब्दांच्या आम्ही तीन जाती मानतों. ‘नोटीस’ पूर्ण मराठी झाली. ‘नोटिसा’ हें अनेकवचन त्याची साक्ष देतें. ‘कोर्टकचेरी’ हा मिश्र समास. तिसरी जात ‘ॲक्विझिशन’सारख्या लॅटिन कुळींच्या शब्दांची. खुद्द इंग्रजींत ‘बाय’ हा घरचा शब्द, ‘परचेस’ दरबारचा. १०६६ सालच्या नॉर्मन विजयानंतर कायद्यांत दरबारी शब्दांचाच मान वाढला.

२०१३ च्या कायद्यानें भूसंपादनाची अधिसूचना स्थानिक भाषेंतही काढणें बंधनकारक केलें, हें योग्यच झालें. परंतु इंग्रजी पोशाख उतरवून संस्कृत पोशाख चढविल्यानें काम भागत नाहीं. ‘संपादन’ म्हणजे मिळविणें; येथें मिळवितो कोण आणि गमावतो कोण? प्राथमिक अधिसूचनेवर हरकतीस ६० दिवस मिळतात; शब्दार्थ शोधण्यांतच ते सरले तर हक्क कागदावरच राहील. म्हणून प्रत्येक नोटिशीखालीं जमीन कोणती, काम कोणतें, हरकत कोठें व केव्हांपर्यंत, हें चार साध्या ओळींत लिहावें, अशी आमची अधिकाऱ्यांस आग्रहाची सूचना आहे.