आभासी यंत्राचा साचा : ठेवावयाचे काय आणि वगळावयाचे काय

पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्तीचा देह साच्यातून निघतो. डोळ्यांची आखणी मात्र कारागीर प्रत्येक मूर्तीवर स्वतंत्रपणे करतो. सर्व मूर्तींना जे समान ते साच्यात जावे आणि जे ज्या त्या मूर्तीचे ते मागाहून व्हावे, हा त्या कामातील विवेक होय. क्लाउडवर ॲप्लिकेशने चालविण्यासाठी आभासी यंत्रांचे, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे, साचे तयार करताना नेमका हाच विवेक लागतो. तो सुटला असता होणारी हानी एका यंत्रापुरती राहत नाही. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक यंत्रात ती उतरते.

आभासी यंत्राची कल्पना क्लाउडहून बरीच जुनी आहे. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक असल्यासारखे काम करता यावे, या हेतूने आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली या कल्पनेची शास्त्रीय व्याख्या केली. तिचा आशय असा की, आभासी यंत्र हे प्रत्यक्ष यंत्राची कार्यक्षम व विलग अशी प्रतिकृती असते. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी२ ही सेवा खुली केली आणि अशी यंत्रे तासाच्या भाड्याने मिळू लागली. या सेवेत नवे यंत्र सुरू करावयाचे म्हणजे कोणत्या साच्यातून ते प्रथम सांगावे लागते.

साचा शक्य होतो तो एका साध्या गोष्टीमुळे. आभासी यंत्राची डिस्क ही वस्तुतः एक फाइल असते, आणि फाइलची नक्कल करता येते. एखादा सर्व्हर हाताने उभा करताना ऑपरेटिंग सिस्टिम बसविणे, आवश्यक ग्रंथालये घालणे, वापरकर्ते निर्माण करणे, ॲप्लिकेशन जोडणे ही कामे क्रमाने करावी लागतात. आणि एकाच मनुष्याने एकाच दिवशी उभे केलेले दोन सर्व्हरही तंतोतंत सारखे होतीलच असे नाही. साच्यात हे श्रम एकदाच होतात. शिवाय प्रत्येक यंत्रासाठी संपूर्ण नक्कल करण्याचीही गरज नसते. क्यूकाऊ२ यांसारख्या रचनेत मूळ फाइल केवळ वाचनासाठी ठेवून प्रत्येक यंत्राने केलेले फेरफार तेवढे निराळे लिहिता येतात. १० गिगाबाइटच्या साच्यातून २० यंत्रे निघाली तरी आरंभी २०० गिगाबाइट जागा लागत नाही, ती यामुळेच.

आता प्रश्न येतो तो साच्यात काय घालावे याचा. यंत्रावरील सामग्रीचे येथे तीन थर कल्पिता येतील. पहिला थर सर्वांना समान असतो : ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यातील सुरक्षाविषयक दुरुस्त्या, भाषेची चालक-प्रणाली, देखरेखीची साधने. हा साच्यात असावा. दुसरा थर प्रत्यक्ष ॲप्लिकेशनचा. तो साच्यात घातल्यास यंत्र लवकर कामास लागते, परंतु ॲप्लिकेशनची प्रत्येक नवी आवृत्ती नवा साचा मागते. तो बाहेर ठेवून आरंभसमयी उतरवून घेतल्यास साचे थोडे लागतात, परंतु यंत्रास विलंब होतो आणि आवृत्तीचे भांडार त्याच क्षणी बंद असल्यास यंत्र उभेच राहत नाही. येथे निर्णय कामाच्या स्वरूपावरून करावा. तिसरा थर मात्र वादातीत आहे. यंत्राचे नाव, पत्ता, पासवर्ड, गुप्त किल्ल्या हे ज्या त्या यंत्राचे असते. साच्यात त्यास स्थान नाही. क्लाउड-इनिट हे साधन यंत्राच्या पहिल्या आरंभी सेवादात्याकडून ही माहिती मागून घेते. अनेक क्लाउड-सेवांत त्यासाठी १६९.२५४.१६९.२५४ हा ठरावीक पत्ता असतो.

तिसरा थर साच्यात नकळत शिरतो, हीच खरी अडचण होय. साचा करण्यासाठी जे यंत्र चालवावे लागते ते चालताचालता स्वतःची ओळख धारण करते. लिनक्समध्ये मशीन-आयडी नावाच्या फाइलीत त्याचा ओळख-क्रमांक उमटतो. तो तसाच राहिल्यास काही मांडण्यांत दोन यंत्रे जाळ्यावर एकच पत्ता मागू लागतात. एसएसएच सेवेच्या यजमान-किल्ल्या साच्यात राहिल्यास सर्व यंत्रांची किल्ली एकच होते, आणि एक यंत्र ज्याच्या हाती गेले त्यास दुसऱ्या यंत्राचे सोंग घेता येते. यादृच्छिक संख्यांचे साठवलेले बीज राहिल्यास निरनिराळ्या यंत्रांत सारख्याच किल्ल्या निर्माण होण्याचा धोका उद्भवतो. विंडोजमध्ये ही ओळख पुसण्यासाठी सिसप्रेप हे साधन आहे. लिनक्समध्ये या फाइली क्रमाने रिकाम्या कराव्या लागतात.

तथापि पुसणे हा उपाय पुरेसा नाही. मार्को बाल्डुझ्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईसी२वरील पाच हजारांहून अधिक सार्वजनिक साचे तपासले. त्यांपैकी काहींत साचा करणाऱ्यांच्या खाजगी किल्ल्या व दिलेल्या आज्ञांचा इतिहास शिल्लक होता. इतकेच नव्हे, तर काढून टाकलेल्या फाइलीही परत मिळविता आल्या. फाइल काढून टाकली म्हणजे तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर राहू शकतो. म्हणून गुप्त वस्तू साच्यात आणून मग पुसण्यापेक्षा ती तेथे येणारच नाही अशी बांधणी करणे श्रेयस्कर होय.

दुसरा दोष वयाचा आहे. ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड नावाने प्रसिद्ध झालेली चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली व त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही निघाली. चालू यंत्रे दुरुस्त झाली तरी त्यापूर्वीचा सदोष साचा भांडारात राहिला असता त्यातून पुढे निघणारे प्रत्येक नवे यंत्र ती चूक पुन्हा घेऊनच जन्मास येणार. ताल गारफिंकेल व मेंडेल रोझेनब्लम यांनी २००५ सालीच दाखवून दिले होते की, आभासी यंत्राचा काळ सरळ रेषेत पुढे जात नाही. जुनी अवस्था केव्हाही परत येऊ शकते.

या दोन्ही दोषांवर उपाय एकच : साचा नव्हे, तर साच्याची कृती जतन करावी. २०१३ साली प्रथम प्रसिद्ध झालेले पॅकर हे साधन याच तत्त्वावर चालते. ते एका मजकुराच्या फाइलीतील कृती वाचते, मूळ साच्यातून तात्पुरते यंत्र उभे करते, सांगितलेल्या पायऱ्या पार पाडते, परिणामी झालेल्या डिस्कचा साचा करून ठेवते आणि ते यंत्र मोडून टाकते. कृती मजकूररूप असल्याने तिच्यातील प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला हे आवृत्तींच्या नोंदीत राहते. मात्र कृतीत ग्रंथालयांच्या आवृत्त्या स्पष्ट नमूद नसल्यास तीच कृती सहा महिन्यांनी निराळा साचा देईल. दुरुस्ती आवश्यक होताच कृती बदलून नवा साचा करावा आणि चालू यंत्रे डागडुजी न करता त्यातून काढलेल्या नव्या यंत्रांनी बदलावीत.

साच्याच्या परीक्षेची रीत सोपी आहे. एकाच साच्यातून दोन यंत्रे काढावीत आणि शेजारी शेजारी ठेवून पाहावीत : जे समान असावयास हवे ते समान आहे काय, आणि जे भिन्न असावयास हवे ते भिन्न आहे काय. पहिला प्रश्न सर्वजण विचारतात. दुर्लक्ष होते ते दुसऱ्याकडे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०१६ साली सुरू झालेल्या ॲमेझॉनच्या मुंबई विभागात केलेला साचा दुसऱ्या विभागात आपोआप उपलब्ध होत नाही. त्याची नक्कल करावी लागते आणि नकलेस नवा क्रमांक मिळतो. साहजिकच केवळ क्रमांक टिपून ठेवल्याने साच्याची ओळख पटत नाही.

संशोधकाच्या दृष्टीने या सर्व विवेचनाचे तात्पर्य स्पष्ट आहे. संगणकावर काढलेला निष्कर्ष ज्या परिस्थितीत निघाला ती पुन्हा निर्माण करता आली नाही, तर तो पडताळून पाहता येत नाही. प्रबंधासोबत साच्याची कृती व त्यातील आवृत्त्या नोंदविल्या असतील, तर मूळ साचा नष्ट झाला तरी परीक्षकास तो पुन्हा घडविण्याचा मार्ग राहतो. कृती नसेल, तर जतन केलेला साचा ही केवळ एक बंद पेटी ठरते. तिच्यात काय आहे हे ती भरणाराही काही वर्षांनी सांगू शकत नाही.