तीन घरांत मावलेला जमैका

इंग्रजी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं नेमाने सोडवणाऱ्याने जमैकाचं संगीत कधी ऐकलं नसेल, पण ‘स्का’ त्याला हमखास ठाऊक असतो. १९५०च्या दशकाअखेरीस किंग्स्टनमध्ये जन्मलेला हा रेगेचा पूर्वज कोड्यात ठाण मांडून बसलाय, तो निव्वळ अंगकाठीच्या जोरावर. अमेरिकी कोड्यात तीन अक्षरांहून लहान शब्द चालत नाही. शिवाय प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसावं लागतं. पंधरा बाय पंधराच्या चौकटीत कोपरे बुजवताना रचनाकार आखूड शब्द शोधत असतो, आणि शेवटी स्वर असला तर सोन्याहून पिवळं. म्हणून एस-के-ए. योको ओनो आणि ब्रायन ईनोही तिथे सारखे भेटतात ते याच गुणावर! (आपल्याकडे जोडाक्षराला एकच घर, त्यामुळे मराठी कोड्यात स्काला थाराच नाही.) बॉब मार्लेच्या वेलर्स बँडमधल्या विन्स्टन ह्यूबर्ट मॅकिन्टॉशने आडनाव छाटून ‘पीटर टॉश’ नाव घेतलं, हे तर कोडेवाल्यांवर उपकारच.

कोड्यातली खरी मजा मात्र ‘हे गाणं मूळ कोणाचं?’ या प्रश्नात आहे. ‘रेड रेड वाइन’ म्हटलं की लोकांना आठवतो बर्मिंगहॅमचा यूबी-फॉर्टी हा बँड. ब्रिटनमधल्या बेकारभत्त्याच्या फॉर्मचा क्रमांक त्यांनी नाव म्हणून घेतला होता. १९८३ मध्ये त्यांचं हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ते लिहिलं होतं ब्रुकलिनच्या नील डायमंडने, १९६७च्या अल्बमसाठी, संथ आणि उदास चालीत. १९६९ मध्ये टोनी ट्राइब या जमैकन गायकाने त्याला रेगेचा ठेका दिला आणि यूबी-फॉर्टीच्या पोरांच्या कानावर पडलं ते हेच रूप. त्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून नाव होतं ‘एन. डायमंड’. बँडमधल्या ॲस्ट्रोने पुढे सांगितलं, की हा कुणी ‘नेगस डायमंड’ नावाचा जमैकन असावा असंच त्यांना वाटत होतं! नेगस म्हणजे इथिओपियाचा राजा. तिथला सम्राट हैले सेलासी याला देव मानणाऱ्या रास्ताफारींच्या मुलखात हे उत्तर अगदी चपखल बसतं, फक्त चुकीचं आहे. पुढे खुद्द डायमंडही मैफिलीत हे गाणं रेगेच्या ठेक्यात गाऊ लागला.

उलटा प्रवासही झालाच. ‘आय शॉट द शेरीफ’ एरिक क्लॅप्टनने १९७४ मध्ये अमेरिकेत गाजवलं, पण ते बॉब मार्लेचं. ब्लाँडीने १९८० मध्ये गायलेलं ‘द टाइड इज हाय’ जमैकाच्या पॅरागॉन्सचं, जॉन होल्टने लिहिलेलं. त्याचा गीतकार चार घरांत विचारला आणि दुसऱ्या घरात ‘ओ’ आलेला असला, तर घाईने टॉश लिहू नका. होल्टही तिथे तितकाच नीट बसतो.