परसातील करवंद

वैशाखाचे ऊन तापले, की सह्याद्रीच्या घाटांतून कातकरी व ठाकर स्त्रिया करवंदांनी भरलेल्या पाट्या घेऊन उतरतात. ‘डोंगरची काळी मैना!’ ही आरोळी कानी पडताच मुलांचे पाय आपोआप तिकडे वळतात. पानाचा द्रोण हाती येतो आणि खेळ सुरू होतो. करवंद फोडावे, आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी! खेळ संपला, की बिया थुंकून दिल्या जातात. एक मोठे झुडूप होऊ शकले असते, ते असे धुळीत जाते.

करवंदाचे बी फार दिवस थांबत नाही. आंब्याच्या कोयीप्रमाणे तेही ताजेपणीच पेरावे लागते. डबीत जपून पुढच्या वर्षी काढले, तर ते बहुधा रुजत नाही. म्हणून पूर्ण पिकलेल्या फळांतील चपट्या बिया धुऊन, सावलीत सुकवून, पावसाळ्याच्या तोंडी कुंडीत पेराव्यात. रोपे सावकाश वाढतात. उतावळ्या माणसाने करवंद लावू नये हेच बरे! पुढील पावसाळ्यात सुमारे 45 सेंटिमीटर खोल खड्ड्यात कुजलेले शेणखत व माती घालून रोप लावावे. जमीन मुरमाड असली तरी चालते; पाणी साचणारी मात्र नसावी, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. पुढे हे झुडूप आपले आपण तगते.

बियांपासून वाढलेल्या झुडपाची फळे मूळ झाडासारखीच येतील असा भरवसा नसतो. कोठे ती गोड, कोठे आंबटढाण. मोठी फळे हवी असल्यास दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या ‘कोकण बोल्ड’ या जातीची कलमे लावावीत.

करवंदीला जोडीजोडीने येणारे टोकदार काटे असतात. त्यामुळे तिच्या दाट जाळीतून गुरे शिरत नाहीत आणि कुंपणास ती फार सोयीची ठरते. कुंपणासाठी रोपे साधारण 1 मीटरवर लावून वरचेवर छाटतात. परंतु जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात ती फांद्यांच्या शेंड्यांशी. शेंडेच कापले, तर फुले कोठून येणार आणि फळे कोठून धरणार? भक्कम कुंपण आणि भरपूर फळे या दोन्हींचा लोभ एकाच झुडपाकडून धरला, तर दोन्ही अर्धवट पदरात पडतात. त्यापेक्षा कुंपण खुशाल छाटावे आणि परसाच्या कोपऱ्यात एक करवंद मोकळे वाढू द्यावे. त्याच्या भोवती 3 मीटर जागा ठेवावी. वाळलेल्या व आत गुंतलेल्या फांद्या काढावयाच्या त्या फळे संपल्यावर. थंडीत कात्री लावू नये, कारण तेव्हा बहर जवळ आलेला असतो.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळे येऊ लागतात. हिरवी फळे तोडताना पांढरा चीक येतो. तो ओठांना व कपड्यांना चिकटतो. म्हणून लोणच्यासाठी काढलेली करवंदे आधी मिठाच्या पाण्यात टाकून ठेवतात. सगळी फळे एकदम पिकत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी फेरी घालून काळी झालेली तेवढी वेचावी लागतात. फेरीस उशीर झाला, तर बुलबुल आधीच येऊन गेलेले असतात.