खडीचे टवके आणि गाडीचा रंग : घरच्या घरी घ्यावयाची काळजी

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खोडवा आणि खताचे डोस सोडून गाडीच्या रंगावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या कार्यक्षेत्रात आता घरटी मोटारसायकल आहे आणि चारचाकीही पुष्कळ झाल्या आहेत. उसाच्या बिलातून हप्ते फेडून घेतलेली गाडी असते. हंगाम सुरू झाला, ट्रॉल्यांची रांग लागली, की महिन्याभरात बोनेटवर पांढरे ठिपके दिसू लागतात. गट ऑफिसात नोंदीचे काम आटोपले की "साहेब, याला काय करावं?" हा प्रश्न हमखास येतो. म्हणून या अंकात त्याची सविस्तर माहिती देत आहे. यातले बहुतेक काम घरी होण्यासारखे आहे.

टवका कसा उडतो?

पुढच्या वाहनाने दगड मारला, असे आपण म्हणतो. खरे पाहता पुढच्या चाकाच्या नक्षीत अडकलेला खडा सुटून वर उडतो आणि क्षणभर हवेत राहतो. तेवढ्यात मागून आपली गाडी वेगाने जाऊन त्याच्यावर आदळते. म्हणजे मार बसतो तो मुख्यतः आपल्याच वेगाचा.

वेग दुप्पट झाला की माराचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० ने गेलो, तर तोच खडा पावणेदोन पटीहून अधिक जोराने लागतो. म्हणूनच गावच्या रस्त्यावर वर्षभर काही न झालेल्या गाडीला पुण्याच्या एकाच खेपेत चार टवके पडतात.

दुसरा प्रकार आपल्याच चाकांचा. पुढच्या चाकाने उडवलेली खडी दाराच्या खालच्या भागावर, पायपट्टीवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर बसते. हा भाग सहसा कोणी वाकून बघत नाही आणि गंज मात्र तिथेच आधी धरतो.

रंग म्हणजे एक थर नव्हे

कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक अस्तर असते, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सर्वात वर पारदर्शक लॅकर. हे सगळे मिळून जाडी भरते साधारण १०० ते १३० मायक्रॉन. वहीच्या कागदाचे एक पान हाताला लागते, जवळपास तेवढीच. एवढ्यावर आपण खडीचा मार सोसायला सांगतो.

टवका किती खोल गेला, हे रंगावरून ओळखावे. नुसता पांढुरका ओरखडा असेल तर मार लॅकरपुरता आहे. करडा किंवा फिकट रंग दिसला तर प्रायमरपर्यंत गेला. चकचकीत धातू दिसला तर पत्रा उघडा पडला, आणि तांबूस ठिपका दिसला तर गंज सुरू झाला असे समजावे. बंपर बहुतेक गाड्यांचा प्लॅस्टिकचा असतो. त्याला गंजाची भीती नाही, तिथे प्रश्न फक्त दिसण्याचा.

आपल्या लोकांना हे उसावरून चटकन कळेल. कांडी कीड पेराला बारीकसे भोक पाडते. नुकसान त्या भोकाने जेवढे होते, त्याहून जास्त त्यातून आत शिरणाऱ्या रोगाने होते. टवक्याचेही तसेच. टवका ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, पण पाणी आणि हवा त्यातून आत गेली की गंज रंगाच्या खालून पसरत जातो. वरून फुगवटा दिसेपर्यंत आत रुपयाएवढा पत्रा खराब झालेला असतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. तेही एक मीठच. मीठ लागले की लोखंड झपाट्याने गंजते. गाडीच्या डिकीतून किंवा ट्रॉलीतून खताची पोती आणली, एखादे फाटले, तर झाडून भागत नाही. पाण्याने धुवून, कोरडे करून ठेवावे.

प्रतिबंध : खर्चाशिवाय होणारा

(१) अंतर ठेवा. पुढच्या वाहनाने खांब किंवा झाड ओलांडले की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" असे म्हणावे. तीन म्हणून होण्याआधी आपण तिथे पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. ताशी ६० च्या वेगाला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. उसाने भरलेल्या ट्रॉलीमागे तर याहून जास्तच ठेवावे. तिथे प्रश्न रंगाचा राहत नाही, जिवाचा असतो. रात्री ट्रॉलीमागे चिकटून चालणारी गाडी, पुढे अचानक ब्रेक लागला की थेट उसाच्या मोळीत शिरते.

(२) नवीन खडी-डांबर टाकलेल्या रस्त्यावर पहिले काही दिवस मोकळी खडी असते. तिथे ताशी ३० च्या वर जाऊ नये आणि ओव्हरटेक करू नये. कडेच्या मुरमावर चाक घालून पुढे जाणे म्हणजे मागच्यावर दगडांचा मारा करणेच.

(३) चारही चाकांना मडफ्लॅप बसवावेत. टायरपेक्षा थोडे रुंद असावेत. बसवताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ते टायरला घासत नाहीत ना, हे पाहावे. थोड्या खर्चात एवढा उपयोग दुसऱ्या कशाचाही नाही.

पारदर्शक फिल्म : कुठे आणि कशी?

रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म आता सगळीकडे मिळते. ती पॉलियुरेथेन नावाच्या रबरासारख्या चिवट प्लॅस्टिकची असते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू-खड्यांपासून वाचवण्यासाठी अशी फिल्म वापरात आली, पुढे ती मोटारींवर आली. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे रंगाच्या सगळ्या थरांपेक्षा जास्त. खडा लागला की ती दबते आणि मार पसरवते.

संपूर्ण गाडीला फिल्म लावणे महागडे आणि कसबी कारागिराचे काम आहे. आपल्याला त्याची गरज नाही. बोनेटची पुढची कड, आरशांची पाठ, दाराच्या कडा, पायपट्टी आणि मागच्या चाकाच्या कमानीचा पुढचा भाग एवढे झाकले तरी पुष्कळ झाले. त्यातल्या सपाट, लहान जागांवर फिल्म घरीही लावता येते.

गाडी धुवून, वाळवून, सावलीत आणि धूळ-वारा नसलेल्या जागी घ्यावी. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मेणचटपणा काढावा. फिल्म आधीच कात्रीने मापात कापावी, कोपरे गोल करावेत. गाडीवर ठेवून ब्लेड चालवू नये, रंग कापला जातो. पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब घालून ते पाणी जागेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारावे, म्हणजे फिल्म सरकवून नीट बसवता येते. मग मऊ रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जावे. आठवडाभर त्या जागेवर जोराचे पाणी मारू नये.

दोन गोष्टी टाळाव्यात. खोक्यांना लावायची चिकटपट्टी रंगावर लावू नये. उन्हाने तिचा डिंक भाजून बसतो आणि निघता निघत नाही. तसेच नुकताच रंग मारलेल्या भागावर महिनाभर तरी फिल्म लावू नये. रंग आतून पुरता वाळलेला नसतो.

सिरॅमिक कोटिंगविषयी बरेच जण विचारतात. तो थर काही मायक्रॉनचाच असतो. त्याने पाणी-चिखल लवकर निघतो, चमक राहते, पण खडीचा मार तो थोपवत नाही. मेणाच्या पॉलिशचेही तसेच. त्या कामासाठी त्यावर पैसे घालू नयेत.

पडलेला टवका कसा बुजवावा?

प्रायमर म्हणजे बेणेप्रक्रिया समजा. ती चुकवून लागण केली तर उगवण दिसते, पण पुढे त्रास होतो. तसाच गंजावर थेट रंग लावला तर दोन महिने झाकून राहतो आणि पुन्हा फुगून वर येतो.

१. गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या खांबावरील किंवा बोनेटखालील पट्टीवर असतो. तो सांगून टच-अपची बाटली आणावी. "पांढरा द्या" म्हणून चालत नाही, पांढऱ्यातही अनेक छटा असतात.

२. टवका साबणपाण्याने धुवून पूर्ण वाळवावा. सुटलेले पापुद्रे सुईच्या टोकाने हलकेच काढावेत.

३. गंज असेल तर पॉलिश पेपरचा बारीक तुकडा पेन्सिलीच्या टोकाला लावून तेवढाच भाग घासावा. चकचकीत धातू दिसला पाहिजे. आजूबाजूचा चांगला रंग घासू नये.

४. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे.

५. धातू उघडा असेल तरच दात कोरायच्या काडीने प्रायमरचा एक थेंब टेकवावा. वाळू द्यावा.

६. रंगाची बाटली दोन मिनिटे चांगली हलवावी. बाटलीबरोबरचा ब्रश या कामाला जाड पडतो, काडीच बरी. एकदम खड्डा भरू नये. पातळ दोन-तीन थर द्यावेत, प्रत्येक थरानंतर अर्धा-पाऊण तास थांबावे.

७. शेवटी लॅकरचा थेंब. तो शेजारच्या रंगाशी सपाट व्हावा एवढाच. निदान एक दिवस पाणी लावू नये, महिनाभर पॉलिश करू नये.

हे काम भर उन्हात किंवा पहाटेच्या दवात करू नये. सकाळी दव उडाल्यानंतर सावलीत करावे. जवळून पाहिले तर डाग कळेल, पण पत्रा वाचला हे महत्त्वाचे. फुगवटा तळहाताएवढा झाला असेल, तर मात्र पेंटरकडेच न्यावे.

लहान टवक्यांसाठी विम्याचा दावा करावा का, हेही हिशेबाने पाहावे. एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, आणि ती वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. जादा हप्ता भरून ही सूट राखून घेतली नसेल, तर एका किरकोळ दाव्याने ती जाते.

धुण्यातली चूक

हंगामात गाडीवर बगॅसची काळी राख बसते. तिच्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश असतो. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे आहे. आधी भरपूर पाणी ओतावे, मगच ओल्या मऊ कापडाने पुसावे. उसाचा रस किंवा मळी उडाली असेल तर ती आंबण्याआधी कोमट पाण्याने काढावी. चमक यावी म्हणून रॉकेल-डिझेलचा बोळा फिरवण्याची सवय सोडावी. तेलकटपणावर धूळ बसते आणि रबरी पट्ट्या खराब होतात.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्या सभासदांना विनंती

रस्त्यावर खडा टाकणारे आपणच आणि तो झेलणारेही आपणच. शेतातून डांबरी रस्त्यावर येताना ट्रॅक्टरच्या चाकाच्या दात्यांतली माती आणि दगड काढून यावेत. मुरूम, खडी, वाळू नेताना ट्रॉलीवर ताडपत्री बांधावी, मागचे फाळके नीट लावावे. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर असावेतच, आणि धुळीने माखलेले रिफ्लेक्टर रोज पुसावेत. बंद हंगामात ट्रॉलीचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंट मारावा. पत्र्याचे आयुष्य नक्की वाढते.

वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपे आहे. दसऱ्याच्या सुमाराला, गळीत सुरू होण्याआधी, मडफ्लॅप आणि फिल्म. हंगामात महिन्यातून एकदा गाडी धुतल्यावर वाकून खालचा भाग बघणे. हंगाम संपला की पावसाळ्यापूर्वी सगळे टवके बुजवणे. मृगाचा पाऊस पडला की उघड्या पत्र्यावर गंज धरायला वेळ लागत नाही.

अधिक काही विचारायचे असल्यास गट ऑफिसात यावे. येताना उसाच्या नोंदीचेही काम घेऊन यावे, म्हणजे एका खेपेत दोन्ही होतील.