गुणांच्या तक्त्यामागची वजाबाकी

परभणी जिल्ह्यात ९ तालुके. साऱ्यांची मिळून एक सरासरी काढली, की जिंतूर, पाथरी, पालम एकाच आकड्यात बसतात आणि उद्या वर्गात काय घ्यायचं हे कुणालाच कळत नाही. २०१७ आणि २०२१चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण निवडक शाळांच्या नमुन्यावर झालं. त्यातून जिल्ह्याचा अंदाज येतो, एकेका मुलाचा नाही.

मुलापर्यंत पोचता येतं ते नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांतून: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि दोन. गुण शिक्षक भरतात. पुढे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद. जाणता केंद्रप्रमुख एकूण गुणांवर थांबत नाही, प्रश्ननिहाय तक्ता मागतो. समजा, चौथीच्या ३० पैकी १९ मुलांची हातच्याची वजाबाकी चुकली. उत्तरपत्रिका उघडल्या, तर ५२ मधून २७ वजा करून बहुतेकांनी ३५ लिहिलेलं. म्हणजे २ मधून ७ जात नाहीत म्हणून पोरांनी उलट ७ मधून २ काढले. पाढे पाठ करून घेऊन हे सुटणार नाही. दशक सुटा करायचा असतो, हेच कळलेलं नाही. मग महिन्याच्या शिक्षण परिषदेत भाषणाऐवजी काड्यांचे गठ्ठे निघायला हवेत आणि पंधरा दिवसांनी तशाच पाच वजाबाक्या पुन्हा द्यायला हव्यात. पहिली चाचणी कामी येते ती या दुसऱ्या मोजणीमुळे, पण नेमकी तीच राहून जाते.

वाचनाचंही असंच. ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. घड्याळ लावणं सोपं; गोष्टीत काय झालं हे विचारायला वेळ लागतो, म्हणून ‘समजून’ मागे पडतं.

गुणांशेजारी हजेरीपट ठेवल्याशिवाय मात्र निष्कर्ष काढू नये. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. संकलित चाचणीत मागे पडलेलं मूल महिनोन्महिने फडावर असेल, तर उपाय हंगामी वसतिगृहाचा आणि परतल्यावरच्या जादा वर्गाचा. अशा वेळी शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस काढली, की पुढच्या वर्षी गुण आपोआप वाढतात; वजाबाकी तिथंच असते. म्हणून शाळाभेटीत केंद्रप्रमुखाने चार-पाच मुलांना स्वतः जवळ बसवून वाचून घ्यावं. तक्ता एक सांगत असेल आणि मूल दुसरं, तर तक्ता दुरुस्त करावा.